पांढरीचा रंग : पळसदेवच्या जोडचित्राच्या नोंदी

१४ एप्रिल २०२४, पळसदेव

रात्री अडीचला पुणं सोडलं, साडेपाचला होडीत. उजनी धरण जानेवारीतच मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचं पाणी संपलं, त्यामुळे पळसनाथाचं मंदिर यंदा पार जोत्यापर्यंत उघडं पडलंय. होडीवाल्या काकांनी जमेल तितकं आत नेलं. पुढे पोटरीभर गाळातून, ट्रायपॉड डोक्यावर घेऊन.

काम काय आहे ते एकदा लिहून ठेवतो. घरात १९७१ चा, म्हणजे दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा एक फोटो आहे. आजी, तिच्या उजव्या हाताला अकरा वर्षांची मावशी आणि पुढ्यात चार वर्षांची आई. तालुक्याच्या गावी एका स्टुडिओत काढलेला. मागे बागेचा रंगवलेला पडदा, फोटो कृष्णधवल, त्यावर हातानं रंग भरलेले. पुढे गाव उठलं, १९८० साली उजनी पूर्ण झालं, जुनं पळसदेव फुगवट्याखाली गेलं. आजीचा स्वतःच्या गावात काढलेला एकही फोटो नाही. या तिघींना त्या पडद्यासमोरून उचलून पळसनाथासमोर उभं करायचंय. चित्रात पाणीही हवं, मंदिराला वेढून राहिलेलं, कारण पाण्याशिवायचं ते गाव मी कधी पाहिलेलंच नाही. छपाई वीस बाय तीस इंच, मामाच्या नव्या घरासाठी, गणपतीच्या आत.

आज तीन वेळा तीच चौकट टिपली : सूर्य उगवायच्या पंधरा मिनिटं आधी, दुपारी बाराला, आणि संध्याकाळी मावळतीच्या सुमारास. ट्रायपॉडच्या पायांच्या जागी दगड ठेवून खुणा केल्या. दरवेळी पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड, उजेडाचा रंग मोजायला तटस्थ राखाडी पुठ्ठा.

एक गोष्ट जवळून पाहिल्याशिवाय कळली नसती. दगडातल्या कोरीव कामाच्या खाचांत गाळ वाळून बसलाय, फिकट राखाडी. एरवी कोरीव कामात खाच गडद असते आणि उठाव उजळ. इथे उलटं झालंय. दोन पावलं मागे गेलं की उजेड खालून येतोय असं वाटतं. शेजारच्या वीरगळांवरही तसंच. हे चित्रात जसंच्या तसं ठेवलं तर बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येणार नाही, पण चुकलंय एवढं नक्की जाणवेल.

१६ एप्रिल

जुना फोटो स्कॅन केला. साधारण पोस्टकार्डाएवढा, १२०० डीपीआय, १६ बिट टिफ. चौकटीत माणसं जेवढ्या उंचीची हवीत त्याला पुरेसा आहे.

रंग भरणाऱ्यानं आजीच्या लुगड्याला हिरवा दिलाय, गालांना गुलाबी, पुतळ्यांच्या माळेला पिवळा. हात चांगला होता त्याचा. लुगड्याच्या निऱ्यांत ब्रश कुठेही बाहेर गेलेला नाही. हा रंग पारदर्शक असतो, खालचा चांदीचा फोटो तसाच राहतो. म्हणून फोटोशॉपमध्ये आरजीबीचे, म्हणजे लाल, हिरवा, निळा असे तिन्ही चॅनल वेगळे उघडून पाहिले. हिरवी शाई हिरवा उजेड फारसा अडवत नाही, त्यामुळे लुगडं हिरव्या चॅनलमध्ये जवळपास न रंगवल्यासारखं दिसतं. गाल लाल चॅनलमध्ये. दोन्ही चॅनलमधले भाग मास्कनं (हवा तेवढाच भाग उघडा ठेवणाऱ्या झाकणानं) जोडून मूळ कृष्णधवल फोटो परत मिळवला. दोन तास लागले, पण आता रंगाची पाटी कोरी आहे.

मावशीला फोन केला. म्हटलं, लुगडं हिरवंच होतं ना? तर म्हणाली, "हिरवं? न्हाई रं. आईचं ते डाळिंबी इरकल व्हतं. फोटोवाल्यानं त्याच्या मनानं रंगवलं."

आईला काही आठवत नाही. ती चार वर्षांची होती.

कृष्णधवल फोटोवरून निवाडा होत नाही. गडद हिरवा आणि गडद डाळिंबी, दोन्हींची करडी छटा एकच येऊ शकते.

२१ एप्रिल

संध्याकाळच्या सेटवर पहिला खर्डा. मोह होताच. पाणी तांबूस, शिखराच्या एका बाजूला सोनं ओतल्यासारखं ऊन. तिघींना जोत्यावर उभं केलं, त्यांच्यावर तोच तांबूस रंग सॉफ्ट लाइटनं चढवला, कडेला उजेडाची किनार दिली, लांब सावल्या काढल्या.

दिवसभर झटूनही त्या कागदातून कापून चिकटवल्यासारख्याच दिसतात.

सावल्यांची कड आधी दुरुस्त केली. सूर्य आकाशात साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून सावलीची कड वस्तूपासून जितकी लांब तितकी विरघळत जाते : ढोबळमानानं दर मीटरला एक सेंटीमीटर. पायाशी धारदार, डोक्याच्या सावलीशी मऊ. तसं केलं. थोडं सुधारलं, पण मूळ दुखणं तिथे नव्हतं.

२३ एप्रिल

दुखणं सापडलं. ५० टक्के राखाडीचा एक लेयर सगळ्यात वर ठेवून कलर मोडला लावला. रंग सगळा गेला, उरला फक्त उजेड-अंधार. मंदिरावर उजेड एका बाजूनं आणि कडक, तिघींच्या चेहऱ्यांवर मात्र समोरून, सगळीकडे सारखा. स्टुडिओवाल्यानं अंगणात, सावलीत, पडदा लावून फोटो काढला असणार. नाकाची सावली जवळपास नाहीच.

रंग कितीही चढवला तरी उजेडाची दिशा बदलत नाही. चेहऱ्यांवर नवी सावली रंगवता येईल, पण मग तो आजीचा चेहरा राहणार नाही, माझ्या हातचा होईल. ते करणार नाही. जुनं बदलता येत नाही, तेव्हा नव्यानं जुन्याकडे यायचं. पहाटेचा सेट घ्यायचा.

संध्याकाळची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये टाकली.

२८ एप्रिल

पहाटेच्या सेटवर तिघी पहिल्याच प्रयत्नात जमिनीवर उभ्या राहिल्या. सूर्य नाही, सगळं आकाश हाच दिवा, त्यामुळे सावली म्हणजे फक्त पायाशी, पदराच्या आत, हनुवटीखाली, जिथे आकाश दिसत नाही तिथला मऊ काळोख. तो मल्टिप्लाय लेयरवर, म्हणजे खालचं गडद करणाऱ्या थरावर, मोठ्या ब्रशनं, १० टक्क्यांहून कमी जोरानं हळूहळू चढवला. पावलं जिथे जमिनीला टेकतात तिथे बोटभर रुंदीचा एक गडद पट्टा. तो दिला नाही तर माणूस तरंगतो, दिला की उभा राहतो.

आता रंग. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठल्या उजेडाला पांढरं धरायचं ते, ५५०० केल्व्हिनला ठेवला तर सगळं निळं पडतं. ग्रे कार्डवर टिचकी मारली तर ८००० च्या वर जातं आणि राखाडी अगदी तटस्थ होते, पण मग पहाट उरत नाही, ढगाळ दुपार होते. ६५०० ला थांबलो. थोडा निळा मुद्दाम राहू दिला. ग्रे कार्ड कॅमेऱ्यापुढचा उजेड कुठल्या रंगाचा आहे ते सांगतं, त्यातला किती ठेवायचा हे आपण ठरवायचं असतं.

आकाश मात्र फिकट, नुसतं पांढुरकं. दुसऱ्या दिवशीचं आकाश जोडायचं का, यावर बराच वेळ गेला. १८५० च्या दशकात गुस्ताव ल ग्रे यांनी समुद्राच्या फोटोंसाठी हेच केलं होतं : समुद्र एका काचेवर, आकाश दुसऱ्या, आणि क्षितिजावर दोन्ही जोडून एक छपाई. तेव्हाच्या काचेवरचं रसायन निळ्याला फार संवेदनशील, पाण्याला पुरेल एवढा वेळ उजेड दिला की आकाश पांढरं पडायचं. त्यांच्यापुढे अडचण होती, माझ्यापुढे नुसता मोह आहे. आकाश आहे तेच ठेवलं.

५ मे, नवीन गावठाण

मावशीकडे जाऊन आलो. लुगड्याचा विषय काढला तर ती माळ्यावर चढायला लावून एक गोधडी काढून बसली. आजीनं स्वतः शिवलेली. वरचा एक मोठा तुकडा त्याच लुगड्याचा. पण उन्हात आणि धुण्यात इतका विटलाय की आता चहाच्या डागासारखा दिसतो.

मावशीनं सुईनं एका कडेची शिवण दोन इंच उसवली. दुमडलेली कापडाची पट्टी उलगडली. आत, जिथे पन्नास वर्षांत ऊन पोचलं नव्हतं, तिथे एक बोटभर डाळिंबी. पट्टीच्या मधोमध रंगाची हद्द इतकी सरळ की मोजपट्टीनं आखल्यासारखी. एका बाजूला विटकट तपकिरी, दुसऱ्या बाजूला जांभळ्याकडे झुकणारा गडद तांबडा. जवळून पाहिलं तर उभा धागा एका रंगाचा आणि आडवा थोडा निराळा, त्यामुळे कापड हलवलं की रंग किंचित बदलतो.

मावशी काही बोलली नाही. दोन बोटांनी ती पट्टी धरून बसली होती.

खिडकीपाशी ग्रे कार्ड शेजारी ठेवून टिपलं. संध्याकाळी तिनं तीच शिवण परत घातली.

१२ मे

लुगडं रंगवलं. तीनदा.

पहिल्यांदा गोधडीतला रंग घेऊन कलर लेयरवर भरला. प्लास्टिकचं लुगडं झालं. कारण एकच ह्यू (रंग) आणि सारखंच सॅच्युरेशन (रंगाचा भरीवपणा) अंधारापासून उजेडापर्यंत पसरलं. खऱ्या कापडात तसं नसतं. जिथे उजेड थेट पडतो तिथे आकाशाचा रंग मिसळतो आणि कापड फिकट, थोडं थंड होतं. निऱ्यांच्या आत रंग सर्वांत भरलेला असतो, कारण तिथे कापडाचा उजेड कापडावरच पडत राहतो. आणि अगदी खोल काळोखात रंग पुन्हा कमी होत जातो.

दुसऱ्यांदा ग्रेडियंट मॅप वापरला : काळोखात जवळपास रंगहीन जांभळट, मध्यछटेत भरलेला डाळिंबी, उजेडात करडट गुलाबी. कापड झालं. पण रंग ओरडत होता. चित्र बघताना डोळा आधी लुगड्यावर जायचा, चेहऱ्यावर नाही.

तेव्हा लक्षात आलं की मी खिडकीतला डाळिंबी पहाटेत नेऊन ठेवलाय. निळसर उजेडात तोच कापडाचा तुकडा इतका तांबडा दिसणारच नाही. तिसऱ्यांदा गोधडीच्या फोटोला पहाटेच्या सेटचाच ६५०० चा व्हाइट बॅलन्स आणि पहाटेच्या ग्रे कार्डातला निळेपणा लावला, मग रंग उचलला. आकड्यांत पाहिलं तर तो आता सरळ जांभळा आहे. फोटोशॉपच्या चौकोनात एकटा ठेवला तर कुणी त्याला डाळिंबी म्हणणार नाही. पण चित्रात, निळसर दगडाशेजारी, तो डाळिंबीच दिसतो. डोळा सभोवतालचा उजेड वजा करून घेतो.

जोडचित्रात रंग जोडताना वस्तूचा रंग आणायचा नाही, त्या उजेडात तो जसा दिसेल तसा आणायचा. इतकी वर्षं हे काम करतोय, आज ते एका लुगड्यावर नीट कळलं.

१९ मे

खर्डा मावशीला व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. फोन आला. चेहरे बघून खूश, लुगडं बघून गप्प, आणि मग,

"आरं, खाली काळी कुठनं आली?"

म्हटलं, गाळ आहे, तिथलाच.

"तो धरणाचा. गाव काळीवर असतंय व्हय? गाव पांढरीवर असतं. आमच्या अंगणात पाय ठेवला की पांढरा उठायचा."

काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. हा शब्द मला माहीत होता, सातबाऱ्याच्या आणि कुलदैवताच्या बोलण्यात ऐकलेला. पण पांढरीला खरोखरच पांढरा रंग असतो, हे ध्यानातच आलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती मिसळून झालेली ती फिकट जमीन. माझ्या चित्रात तिघी ज्या जागी उभ्या आहेत तिथे मी चव्वेचाळीस वर्षांचा गाळ अंथरला होता.

२६ मे

पांढरी आता पळसदेवला नाही. जुन्या ओळखीच्या एका गावात पडकी गढी आहे, तिचे बुरूज पांढरीच्या मातीचेच. पहाटे जाऊन तिथली जमीन टिपली, कॅमेऱ्याची उंची आणि कोन तोच ठेवून. पायवाटेवरची, माणसांच्या आणि शेरडांच्या पायांनी घट्ट झालेली माती. जवळून पाहिली तर नुसती पांढरी नाही : खापरांचे तांबडे कण, कोळशाचे काळे ठिपके, वाळलेल्या गवताच्या काड्या.

चित्रात ठेवली आणि बाकी सगळं चुकीचं दिसायला लागलं.

गडद गाळ उजेड गिळतो. फिकट माती तो परत वर फेकते. माणसं गाळावर उभी असताना हनुवटीखाली, पदराच्या खालच्या घडीत, मुलींच्या झग्यांच्या आतल्या बाजूला जो काळोख मी दिला होता तो पांढरीवर टिकणार नाही. खालून वर एक मऊ, उबदार उजेड यायला हवा. मातीचा रंग किंचित पिवळट, म्हणून हा परतलेला उजेडही पिवळट. आकाशाचा उजेड निळसर, जमिनीचा पिवळट, आणि दोन्हींच्या मध्ये माणसाचा चेहरा.

एक कर्व्ह लेयर, रंगांचा उजेड कमीजास्त करणारा थर, घेतला. लाल थोडा वर, निळा थोडा खाली, मास्क पूर्ण काळा, आणि फक्त खाली तोंड असलेल्या पृष्ठभागांवर पांढऱ्या ब्रशनं उघडला : हनुवटी, नाकाचा खालचा भाग, भुवईखालचा कोपरा, मावशीच्या कोपराची खालची बाजू, झग्याची झालर. मंदिराच्या जोत्याच्या खालच्या थरालाही दिला, पण तिथे माती मीटरभर दूर आहे म्हणून निम्म्याहून कमी.

महिनाभर चेहऱ्यांचा रंग कसा करावा यावर अडलो होतो. गालांना मी एक थेंबही गुलाबी लावला नाही. खालून ऊब आली आणि चेहरे जिवंत झाले.

स्कॅनमध्ये उजेड समोरून सारखा होता याचं कारणही आता वाटतं की स्टुडिओच्या अंगणातली जमीनही फिकटच असेल. म्हणून तर त्या इथे इतक्या सहज बसल्या.

९ जून

पाणी. तिघींच्या पुढे चार मीटरवर पाण्याची कड, मध्ये पांढरीचा उंचवटा.

प्रतिबिंब म्हणजे चित्र उलटं करून खाली चिकटवणं नव्हे. पाण्यातून जे दिसतं ते पाण्याच्या पातळीखाली तितक्याच खोल ठेवलेल्या कॅमेऱ्यानं पाहिल्यासारखं दिसतं. माझा कॅमेरा दीड मीटर उंच, पाण्याच्या कडेपासून बारा मीटर. कड तीस सेंटीमीटर उंच. वहीत रेघा मारून हिशोब केला : माणसांपर्यंत जाताना ती रेघ जमिनीपासून साठ सेंटीमीटरवर पोचते. म्हणजे आजीचा गुडघ्याच्या वरपर्यंतचा भाग पाण्यात दिसणारच नाही, कडेआड जाईल. आई तर मीटरभर उंचीची, तिचा फक्त पोटाच्या वरचा भाग.

तसं केलं. पाण्यात आजी मांडीपासून वर, मावशी कमरेच्या जरा खालपासून, आणि आई पोटापासून. एवढ्या एका बदलानं पाणी पाण्यासारखं झालं.

रंगाचंही तसंच. दूरचं पाणी तिरकस नजरेनं दिसतं म्हणून त्यात जवळपास सगळं आकाशच परततं. कॅमेऱ्याच्या पायाशी सरळ खाली पाहिलं तर परतणारा उजेड दोन टक्क्यांच्या आसपास, उरलेलं पाण्यातून तळाचा गाळ दिसतो. म्हणून पाणी लांब फिकट, जवळ मातकट. प्रतिबिंबांचं सॅच्युरेशन वस्तूंपेक्षा कमी केलं आणि सर्वांत उजळ छटा थोडी उतरवली. लुगड्याचं प्रतिबिंब मुद्दाम आणखी दबलेलं. डाळिंबी चित्रात एकदाच दिसावा.

१६ जून

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. एप्रिलमध्ये मंदिरामागे थवा होता, तो पहाटेच्या सेटमध्ये आलाच आहे. मावसभाऊ म्हणतो, गुलाबी करा, भिगवण म्हटलं की लोकांना तेच हवं असतं.

मोठा रोहित पाण्यात उभा असताना पांढराच दिसतो, जेमतेम गुलाबी झाक. लाल-गुलाबी आणि काळं असतं ते पंखांत, उडताना उघडतं. पिल्लं तर राखाडीच असतात. खाण्यातल्या रंगद्रव्यांतून तो गुलाबी येतो, जसजसं वय वाढेल तसतसा. उभ्या थव्याला गाजरी रंग देणं म्हणजे त्यांनी न पांघरलेली शाल त्यांच्या अंगावर टाकणं.

आणि या चित्रात रोहितांचं स्थान काय आहे? गाव होतं तेव्हा ते इथे नव्हते, पाण्यासोबत आले. थवा लहान केला, दूर धुरकटात, पांढरा ठेवला. एकाचे पंख उघडे होते, तो तसाच राहू दिला. नखाएवढी गुलाबी रेघ आहे, शोधली तरच सापडते.

३० जून

ग्रेन आणि तीक्ष्णता. जुन्या फोटोचा कण मोठा, माझ्या कॅमेऱ्याचा जवळपास नाहीच. स्कॅन स्वच्छ करून पाहिला, आजीच्या चेहऱ्यावरच्या रेषा गेल्या. लगेच परत आणला. मग मंदिराला, पाण्याला, मातीला तोच कण दिला. मध्यछटेत जास्त, उजळ भागात कमी. मंदिर अर्ध्या पिक्सेलनं मऊ केलं. खाचांतला गाळ मास्कनं गडद करून उठाव सरळ केला, पण एका वीरगळावर तसाच ठेवला.

१४ जुलै

फार वाईट वाटलं आज. घरच्या ग्रुपवर टाकलेला खर्डा कुणीतरी पुढे पाठवला आणि तो तीन ग्रुप फिरून माझ्याकडेच परत आला, "१९७१ सालचे जुने पळसदेव, दुर्मिळ छायाचित्र" अशा ओळीसह.

चित्र खरं वाटावं म्हणूनच मी तीन महिने झटतोय, पण त्यानं खोटी साक्ष द्यावी म्हणून नाही. १९७१ साली मंदिराभोवती पाणी नव्हतं. ज्यांचं गाव गेलं त्यांच्या आठवणींत उद्या माझं पाणी मिसळलं तर ते कसं निस्तरायचं? ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ साली तीसेक निगेटिव्ह जोडून एक भलंमोठं चित्र केलं तेव्हापासून जोडचित्रावर हा आक्षेप आहे, आणि मला तो रास्त वाटतो.

चित्राच्या खालच्या पांढऱ्या कडेवर, फ्रेमच्या आत, ओळ घातली : "जोडचित्र. माणसे १९७१, मंदिर एप्रिल २०२४, पांढरी दुसऱ्या गावची." फाइलच्या माहितीतही तेच. ग्रुपवर सगळ्यांना लिहिलं. मामानं फोन करून सांगितलं की त्यानं पुढच्या ग्रुपांतही खुलासा टाकला.

५ ऑगस्ट

उजनी भरत आलंय. मंदिर पुन्हा पाण्यात.

छपाईचा नमुना आला, आठ बाय बारा. लुगडं विटकं, चेहरे मातकट. आधी वाटलं माझा स्क्रीन बिघडला. मग फाइल तपासली. मी अॅडोब आरजीबीत (एसआरजीबीपेक्षा जास्त रंग मावणाऱ्या मापात) दिली होती, छापणाऱ्यांनी प्रोफाइल न बघता एसआरजीबी समजून छापली. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मॅट कागदावर एवढंच येतं." एवढंच येत नाही. स्वतःच एसआरजीबीत रूपांतर करून, त्यांच्या कागदाचं प्रोफाइल मागून सॉफ्ट प्रूफ केला, म्हणजे छपाई कशी दिसेल ते स्क्रीनवरच पाहिलं. मॅटवर काळा खोल जात नाही हे खरं, म्हणून काळ्याच्या जवळच्या छटा थोड्या उघडल्या, नाहीतर निऱ्या बुजतात.

११ ऑगस्ट

दुसरा नमुना. खिडकीत बरोबर. ट्यूबलाइटखाली हिरवट. मामाच्या हॉलमध्ये कुठला दिवा आहे ते विचारलं : पिवळसर एलईडी. तसाच बल्ब आणून त्याखाली ठेवून पाहिलं. निळसर पहाट थोडी कमी होते, पण लुगडं आणि माती यांचं नातं टिकतं. याच्यावर आणखी हात लावणार नाही. मोठी छपाई सांगितली.

७ सप्टेंबर, नवीन गावठाण

गणपती बसले. चित्र काल संध्याकाळी पोचलं होतं, आज सकाळी सगळ्यांसमोर कागद काढला.

आई बराच वेळ स्वतःच्या चार वर्षांच्या चेहऱ्याकडे नाही, पायांकडे बघत होती. म्हणाली, मी अनवाणी होते होय. मूळ फोटोतही ती अनवाणीच आहे, पण पडद्यासमोर कधी लक्षात आलं नव्हतं. मातीवर आलं.

मावशी जवळ गेली, चष्मा वर केला, पदराच्या काठाशी बोट नेलं, काचेला टेकवलं नाही. "डाळिंबीच हाय," म्हणाली. फाइलमध्ये तो रंग जांभळा आहे हे मी सांगितलं नाही. मग बोट खाली आणलं, मातीवर. "हितं आमची चूल व्हती. हितं न्हाई, जरा हिकडं," आणि फ्रेमच्या बाहेर, भिंतीवर, वीतभर उजवीकडे बोट ठेवलं.

मामा दारासमोरच्या भिंतीवर खिळा ठोकायला निघाला होता. दार पूर्वेला, सकाळचं ऊन थेट त्या भिंतीवर येतं. मावशीच म्हणाली, नको, गोधडीसारखं विटंल. दाराच्याच भिंतीवर, आतल्या बाजूनं लावलं. तिथे दिवसभर ऊन येत नाही.